पुसलेले चौसष्ट शब्द

बुधवारी दुपारी चार वाजून पन्नास मिनिटांनी प्रज्वल सोनकांबळे या तरुण शिक्षकाने देगलूरजवळच्या आपल्या शाळेतून एक परिच्छेद टाइप केला आणि तो कोणालाही न पाठवता पुसून टाकला. त्याच्या दृष्टीने विषय तिथे संपला होता. तिथून चारशे किलोमीटरवर, कराडच्या एका तंत्रनिकेतनातल्या शिक्षककक्षात, हर्षदा ढोबळे यांच्या पडद्यावर तोच परिच्छेद करड्या अक्षरांत उमटला. त्याच्या वरच्या कोपऱ्यात एक घड्याळ उलटे चालू लागले. चाळीस मिनिटे.

हर्षदाबाई मूळच्या भौतिकशास्त्राच्या. गेली चोवीस वर्षे त्या अभियांत्रिकीच्या मुलांना अहवाललेखन शिकवत होत्या, आणि अकरा वर्षे ‘मसुदा’च्या सभासद होत्या. ‘मसुदा’ म्हणजे लेखन शिकवणाऱ्या शिक्षकांचा इंटरनेटवरचा, त्याच क्षणी चालणारा चर्चाफलक. दर बुधवारी चार ते सहा या वेळात राज्यभरातले पाच-सहाशे शिक्षक एकाच वेळी हजर असत. कोणी प्रश्न टाकी, कोणी मुलांचे लेखन चर्चेला ठेवी, आणि उत्तरे तिथल्या तिथे येत. नव्याने आलेल्या प्रत्येकाला पहिले सहा आठवडे एक जुना सभासद नेमून दिलेला असे. त्याला ‘सोबती’ म्हणत. हर्षदाबाईंनी आजवर एकोणचाळीस जणांना सोबत केली होती. सोनकांबळे चाळीसावे. आज त्यांचा पहिलाच बुधवार होता.

करड्या अक्षरांतला मजकूर असा होता :

‘मी रोज सव्वादहाला वर्गात येतो. आल्यावर टेबलाला धरून थोडा वेळ उभा राहतो, कारण पाठ दुखते हे कोणाला कळू नये. मी शिकवतो तेव्हा मागचे बाक खिडकीबाहेर बघतात. ते मला दिसते, पण मी बोलत नाही. घरून फोन आला की व्हरांड्यात जाऊन “सगळे छान आहे” असे सांगतो. कधीकधी वाटते, फळा पुसून निघून जावे आणि परत येऊ नये. माझ्या जागी दुसरे कोणी आले तरी या वर्गाला सवय आहे.’

चौसष्ट शब्द. खाली यंत्राचे अनुमान : तीव्र मानसिक संकट, खात्री ०.९१.

यंत्राचे नाव अंतर्वाचक. फलकावरच्या लिहिण्याच्या चौकटीत आपण काही लिहितो, तेव्हा ते ‘पाठवा’ म्हटल्यावरच पुढे जाते, असा बहुतेकांचा समज असतो. वास्तविक प्रत्येक कळ दाबल्याचा क्षण, दोन कळांमधले अंतर आणि पुसलेले प्रत्येक अक्षर ही सारी नोंद आधीच तयार होत असते. पूर्वी ती कोणी वाचत नसे, एवढेच. २०३५ च्या सुमारास असे दिसून आले, की या नोंदीतून माणसाचा संकोच मोजता येतो. माणूस कुठे थबकतो, कोणता शब्द तीनदा लिहून तीनदा खोडतो, कोणते वाक्य पुरे करून मागे घेतो, यांचा पुरेसा मोठा साठा यंत्रापुढे ठेवला, की न विचारलेला प्रश्न ते बऱ्याच अचूकपणे सांगू लागते. ‘मसुदा’ने अंतर्वाचक घेतला तो त्यासाठी. नवे शिक्षक बुजतात, खरी अडचण विचारत नाहीत आणि तिसऱ्या आठवड्यात दिसेनासे होतात, ही जुनी तक्रार होती. आता पुसलेला मजकूर सोबत्याला, आणि फक्त सोबत्यालाच, दिसू लागला. अट एकच. आपल्याला तो दिसतो, हे नवागताला सांगायचे नाही. नियम सहावा.

परिणाम चांगले आले, हे मान्य करायला हवे. गळती निम्म्यावर आली. सोबत्यांना मनकवडेपणाची ख्याती मिळाली आणि ती त्यांना आवडलीही. मग अंतर्वाचकाला दुसरे काम जोडले गेले. पुसलेल्या मजकुरात त्याला कोणाचे मन धोक्याच्या कडेला आलेले दिसले, तर तो इशारा देई. चाळीस मिनिटांत सोबत्याने इशारा कायम करायचा किंवा रद्द करायचा. काहीच केले नाही, तर तो आपोआप कायम होई आणि शाळांशी करार असलेल्या एका कल्याण कक्षाकडे जाई. दुसऱ्या दिवसापासून त्या शिक्षकाला एकवीस दिवस वर्गापासून दूर ठेवून समुपदेशन दिले जाई. हेतू चांगला होता. परंतु सोनकांबळे शिक्षणसेवक होते. तीन वर्षे अखंड सेवा झाली तरच नोकरी कायम, असा त्यांचा करार, आणि त्यांतली दोन वर्षे दहा महिने झालेली. एकवीस दिवसांचा खंड आणि त्यापुढे लिहिलेले कारण, नोकरी हातची जायला एवढे पुरेसे होते.

हर्षदाबाईंनी ‘मसुदा’चे संयोजक नंदन परुळेकर यांना फोन लावला. परुळेकर सावंतवाडीचे निवृत्त मुख्याध्यापक. बुधवारचे दोन तास ते फोन उचलत नसत. इशारा असेल तर मात्र पहिल्याच घंटेला उचलत.

“बोला ढोबळेबाई. मला दिसलाय आकडा. ०.९१ म्हणजे चांगलाच आहे.”

“चांगला कसला, सर? आपल्याकडे नव्याने येणाऱ्या हजार शिक्षकांत खरोखर अशा अवस्थेतले किती असतात?”

“मागच्या पाहणीत चार निघाले होते.”

“आणि यंत्र त्यांतले किती पकडतं?”

“दहांतले नऊ म्हणतात. म्हणजे चारही धरा.”

“धरले. उरलेल्या नऊशे शहाण्णव धडधाकट माणसांपैकी शंभरात तिघांना ते उगाच पकडतं. हे त्यांच्याच माहितीपत्रकात आहे. म्हणजे तीस. एकूण चौतीस इशारे, त्यांतले खरे चार. साधारण नवांतला एक.”

“मग रद्द करताय?”

गणित इथवर नेहमीच सोपे जाते. नवांतला एक ही शक्यता विश्वास ठेवण्याइतकी मोठी नाही, हे खरे. पण दुर्लक्ष करण्याइतकी लहानही नाही. पिशवीत नऊ गोळ्या आहेत आणि त्यांतली एक विषारी आहे, असे सांगितल्यावर पिशवीत हात घालून बघणारा संख्याशास्त्रज्ञ हर्षदाबाईंच्या पाहण्यात नव्हता.

“नाही म्हणजे, अजून ठरवलं नाही.”

“एक सांगू? रागवू नका.” परुळेकरांचा आवाज उतरला. “इशारा कायम करणाऱ्याचं नाव आजवर कोणी विचारलेलं नाही. रद्द करणाऱ्याचं विचारलं जातं. गेल्या वर्षी मी पाच कायम केले. पाचांतले किती खोटे होते ते मला ठाऊक नाही, आणि खरं सांगायचं तर मी विचारलंही नाही. रात्री झोप लागते.”

“त्या पाचांना लागते का?”

“बाई, तुम्ही सोबती आहात. निर्णय तुमचा. चौतीस मिनिटं आहेत.”

त्यांनी फोन ठेवला. हर्षदाबाईंनी फलकाकडे नजर वळवली. दुपारचा सगळा संवाद तिथे होता. तो फार मोठा नव्हता. चार सत्तेचाळीसला सोनकांबळे यांनी विचारले होते : ‘नमस्कार. नववीच्या मुलांचे आत्मकथनात्मक निबंध तपासतो आहे. शेरा कसा लिहावा?’ हर्षदाबाईंचे उत्तर अकरा सेकंदांत गेले होते. मुद्दे चार : आधी गुण सांगा, दोष एकच सांगा, मुलाचे एखादे वाक्य उद्धृत करा, पुढचे पाऊल सुचवा. हे उत्तर त्यांच्याकडे तयार असे. त्यानंतर तीन मिनिटे सोनकांबळे टाइप करत राहिले, मग सगळे पुसले, आणि चार पन्नासला एकच ओळ आली : ‘धन्यवाद मॅडम. उपयोगी पडेल.’

‘मसुदा’त पूर्वी एक रीत होती. नव्या सभासदाच्या पहिल्या प्रश्नाला तीन मिनिटे कोणी उत्तर द्यायचे नाही. जुनी मंडळी गमतीने त्याला उपास म्हणत. कारण अनुभवाचे होते. माणूस पहिला प्रश्न लाजेपोटी विचारतो. कोणी लगेच बोलले नाही, तर त्या शांततेत खरा प्रश्न आपणहून येतो. अंतर्वाचक आल्यावर उपास सुटला. खरा प्रश्न यंत्रच काढून देणार असेल, तर तीन मिनिटे वाया कशाला घालवायची, असा ठराव झाला होता. त्या ठरावाच्या बाजूने हर्षदाबाईंनीही मत दिले होते.

त्यांनी आता नियमात बसणारी एकच गोष्ट केली. फलकावर खासगी ओळ लिहिली : ‘सोनकांबळे सर, आणखी काही विचारायचे होते का? वेळ आहे माझ्याकडे.’

उत्तर जवळजवळ एक मिनिटाने आले. ‘नाही मॅडम. ठीक आहे.’

कोपऱ्यातला आकडा ०.९१ वरून ०.९३ झाला. बाजूला टीप : ‘ठीक आहे’ हे उत्तर लपवणुकीशी सुसंगत. हर्षदाबाईंना हसू आले नाही. होकार दिला तर कबुली आणि नकार दिला तर लपवणूक, अशा परीक्षेत उत्तीर्ण कोणी व्हायचे? जी कसोटी कोणत्याही उत्तराने खोटी ठरत नाही ती कसोटीच नव्हे, हे त्यांनी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी ऐकले होते.

पाच वाजून चार मिनिटे झाली होती. सव्वीस मिनिटे उरली.

अनुमान बाजूला ठेवून कच्ची नोंद बघायची, ही त्यांची प्रयोगशाळेतली सवय. सोबत्याला ती नोंद उघडायची मुभा होती. ती कोणी उघडत नसे, कारण तिच्यात वाचण्यासारखे काही नसते. एका स्तंभात अक्षरे, दुसऱ्यात आधीच्या अक्षरापासूनचा वेळ, हजारांश सेकंदांत. हर्षदाबाईंनी एक सेकंदाहून मोठा प्रत्येक खंड तांबड्याने रंगवला आणि मजकूर पुन्हा वाचला.

तो असा दिसला : मी रोज सव्वादहाला वर्गात, खंड. येतो. आल्यावर टेबलाला, खंड. धरून थोडा वेळ, खंड. उभा राहतो, कारण, खंड. पाठ दुखते हे, खंड.

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

लिहिणारा माणूस थबकतो ते विचाराच्या सांध्यांवर. वाक्य सुरू होण्याआधी लांब, उपवाक्याआधी थोडे कमी, आणि जड शब्दाच्या अलीकडे पुन्हा लांब. ‘परत येऊ नये’ हे शब्द मनातून काढणारा मनुष्य त्यांच्या उंबऱ्याशी अडतोच. कधी पाच सेकंद, कधी मिनिटभर. शिवाय तो खोडतो. नऊ-दहा कळांमागे एक कळ मागे जाण्याची असते. इथे खंड अर्थाला जुमानतच नव्हते. ते ‘वर्गात’ आणि ‘येतो’ यांच्या मध्ये पडत होते, ‘थोडा वेळ’ आणि ‘उभा’ यांच्या मध्ये पडत होते. दर तीन-चार शब्दांनी, आणि जवळजवळ सारखेच, सव्वा सेकंदाचे. ‘परत येऊ नये’ तर एका दमात टाइप झाले होते. एकूण चौसष्ट शब्दांत फक्त दोन दुरुस्त्या, दोन्ही चुकून शेजारची कळ दाबली गेल्याच्या.

तीन-चार शब्द, मग नजर दुसरीकडे, मग पुन्हा तीन-चार शब्द. एवढेच शब्द माणूस एका वेळी डोक्यात धरून कागदावरून कळफलकावर आणू शकतो. हा मजकूर सुचत नव्हता. उतरवून घेतला जात होता.

यंत्राची चूक कुठे झाली हेही मग कळले. त्याला शिकवण्यासाठी जो साठा वापरला होता, त्यातली सारी माणसे आपल्या मनातले लिहीत होती. उतारा कसा दिसतो, हे त्याने कधी पाहिलेच नव्हते. त्यामुळे चढउतार नसलेली, सपाट, एकसुरी लय समोर आल्यावर त्याच्या माहितीतल्या सर्वांत सपाट गोष्टीशी त्याने तिची सांगड घातली. ती गोष्ट म्हणजे नैराश्याने बधिर झालेले मन. त्याच्या हिशेबी नक्कल करणारा माणूस आणि खचलेला माणूस यांत फरक नव्हता.

इथे एखाद्याने सुटकेचा श्वास टाकला असता. हर्षदाबाईंनी टाकला नाही. मजकूर उतरवलेला आहे, एवढेच सिद्ध झाले होते. कोणाचा, ते नाही. माणूस स्वतःची डायरीही उतरवतो. काल लिहिलेले आज कोणाला तरी सांगावेसे वाटते, आणि मग वाटत नाही. तसे असेल तर इशारा खराच होता.

त्यांनी नोंद बंद केली आणि तो परिच्छेद पहिल्यांदाच जसा वाचायला हवा होता तसा वाचला. चोवीस वर्षे दुसऱ्यांचे लेखन तपासल्यावर हात आपोआप ज्या गोष्टीकडे जातो, तिकडे तो आता गेला. हे कोण बघते आहे? बघणारा कुठे उभा आहे?

‘टेबलाला धरून थोडा वेळ उभा राहतो.’ पाठ दुखणारा माणूस पाठीतली कळ लिहील. आपण टेबलाला धरले आहे हे त्याच्या लक्षातही नसेल. ते समोरच्याला दिसते. ‘मागचे बाक खिडकीबाहेर बघतात, ते मला दिसते.’ शिक्षकाला हे दिसते खरे. पण शिक्षकाला दिसते आहे हे आणखी कोणाला तरी दिसले आहे. व्हरांड्यातला फोन दाराशी बसणाऱ्याला ऐकू येतो. संपूर्ण मजकुरात एकही गोष्ट अशी नव्हती, की जी वर्गातल्या बाकावर बसून दिसणार नाही किंवा ऐकू येणार नाही. घरी गेल्यावर सर काय करतात, काय खातात, यातले एक अक्षर नाही. सव्वादहाच्या आधी आणि घंटेनंतर हा माणूस अस्तित्वातच नव्हता.

तर्क म्हणून हे बरे होते. पुरावा म्हणून कितपत टिकेल, याची हर्षदाबाईंना खात्री नव्हती. पाच वाजून बावीस मिनिटे झाली होती. त्यांच्या हाती नवांतल्या एकाऐवजी कदाचित पन्नासांतला एक आला होता. पन्नासावा माणूस देगलूरला बसला असेल, तर त्याला या सुधारणेचा काही उपयोग नव्हता.

त्यांनी सभासदांच्या यादीतून क्रमांक काढला आणि सहावा नियम मोडला.

“हॅलो, सोनकांबळे सर का? मी हर्षदा ढोबळे, ‘मसुदा’तून.”

“मॅडम? तुम्ही कशाला फोन केलात, मीच केला असता की.” तरुण आवाज, थोडा दचकलेला. मागे कोणी तरी बाके सरकवत होते.

“सर, मी सरळ बोलते. तुम्ही मघाशी एक परिच्छेद लिहिलात आणि पुसलात. तो मला दिसला.”

पलीकडे बाकांचा आवाज थांबल्यासारखा वाटला.

“पुसलेलं दिसतं?”

“सोबत्याला दिसतं. तुम्हाला सांगायचं नाही असा नियम आहे.”

“हे कुठं लिहिलंय?”

“अटींमध्ये. चौदावं कलम.”

“ते कोण वाचतं, मॅडम.”

“कोणीच नाही. म्हणून तिथे लिहिलंय.” त्यांनी घड्याळाकडे पाहिले. सहा मिनिटे. “यंत्राला वाटतंय तुम्ही जिवावर उदार झालात. साडेपाचला तो कागद पुढे जाईल आणि उद्यापासून तुम्हाला वर्गात जाता येणार नाही. म्हणून विचारते. ते तुम्ही लिहिलंय?”

“मी? नाही हो, मॅडम.” तो इतक्या सहज म्हणाला, की हर्षदाबाईंनी टेबलाची कड सोडली. ती त्यांनी केव्हा धरली होती, हे त्यांना आठवेना. “ते आमच्या रेणुकानं लिहिलंय. रेणुका एडके, नववी. मी पोरांना म्हणलो, नदीचं आत्मकथन आणि फाटक्या पुस्तकाचं आत्मकथन पुरे झालं. रोज दिसणाऱ्या माणसाचं लिहा. कोणी दूधवाल्याचं लिहिलं, कोणी कंडक्टरचं. हिनं माझंच लिहून ठेवलं. वही समोर ठेवून मी टाइप करत होतो. मग वाटलं, पोरीला न विचारता पाचशे लोकांपुढं कसं टाकावं. म्हणून पुसलं.”

“मग मघाशी तसं विचारलं का नाहीत?”

“विचारणारच होतो. पण पहिलं वाक्य गेलं की तुमचं उत्तर हजर. चार मुद्दे. एवढं तयार उत्तर आल्यावर म्हणलं, बाई घाईत दिसतात.”

हा टोला न्याय्य होता.

“एक शेवटचं विचारते, राग मानू नका. त्यातलं खरं किती आहे?”

“पाठीचं खरं आहे. फोनचंपण. आई रोज फोन करते, तिला काय सांगायचं? निघून जावं वाटतं, ते...” तो थांबला. हे थांबणे विचाराच्या सांध्यावरचे होते. “पहिल्या वर्षी श्रावणात वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. आता नाही वाटत. आता ह्यांचं दहावीचं वर्ष काढल्याशिवाय मी हलत नसतो. पण मॅडम, मी कधी तोंडातून काढलं नाही, तर पोरीला कळालं कसं?”

“थांबा जरा.”

त्यांनी ‘रद्द’वर बोट ठेवले. कारणाची चौकट उघडली. त्यांनी लिहिले : ‘टाइप करणारा आणि लेखक या भिन्न व्यक्ती आहेत. मजकूर विद्यार्थिनीचा, गृहपाठातला. नवागताशी प्रत्यक्ष बोलून खातरजमा केली.’ खाली पूर्ण नाव. पाच वाजून सत्तावीस मिनिटांनी आकडा, टीप आणि उलटे घड्याळ तिन्ही नाहीसे झाले. करडा परिच्छेद तेवढा राहिला.

शिक्षककक्षातल्या पंख्याचा आवाज त्यांना आता कुठे ऐकू आला.

“झालं. रद्द केलं. उद्या तुम्ही वर्गात जाताय.”

“जातोच आहे की. पहिला तास आहे माझा.” तो हसला. मग गंभीर झाला. “पण मग आता सांगा, शेरा काय लिहू? आधी गुण, मग एक दोष, हे मला जमेना. तिनं खरं ते बघितलंय. दोष कुठला काढू?”

हर्षदाबाई मुद्दाम काही बोलल्या नाहीत. अर्धे मिनिट गेले असेल. सोनकांबळेंनीही घाई केली नाही.

“तुमच्या आधी तिथे मराठीला कोण होतं?” त्यांनी विचारले.

“मी यायच्या आधीच्या दोन वर्षांत ह्या पोरांना तिघं झाले, मॅडम. एकांची बदली. एक मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, त्या आल्याच नाहीत. तिसरे सर दिवाळीच्या सुट्टीत गेले, ते गेलेच. निरोपसुद्धा नाही.”

“वही आहे ना समोर? शेवटचं वाक्य वाचा. मोठ्याने.”

“‘माझ्या जागी दुसरे कोणी आले तरी या वर्गाला सवय आहे.’” वाचून झाल्यावर तो हळूच म्हणाला, “म्हणजे हे माझ्याबद्दल नाहीच.”

“तुमच्याबद्दल आहे. पण तुमचं मन तिला कळलंय असं मला वाटत नाही. तिला तिचं कळलंय. तीन जणांना जाताना बघितलेली मुलगी चौथ्याला विचारते आहे, तुम्ही कधी जाणार? सरळ विचारता येत नाही, म्हणून निबंधात घालून विचारलं.”

हे बोलत असतानाच आपण काय करणार होतो, हे हर्षदाबाईंच्या ध्यानात आले. आणखी तीन मिनिटे त्या स्वस्थ बसल्या असत्या, तर उद्या सव्वादहाला त्या वर्गात कोणीच आले नसते. एकवीस दिवस आले नसते, नंतर बहुधा दुसरेच कोणी आले असते. रेणुका एडके या मुलीचा अंदाज खरा ठरला असता, आणि तो खरा करण्याचे काम तिच्याच निबंधाने केले असते. यंत्राच्या नोंदवहीत मात्र ‘इशारा कायम, शिक्षकाने शाळा सोडली’ अशी आणखी एक अचूक भाकिताची भर पडली असती.

“मॅडम, ऐकताय ना?”

“ऐकतेय. तुम्ही काय लिहाल?”

“बघतो. तुमचे चार मुद्दे वापरू का नको?”

“नको,” हर्षदाबाई म्हणाल्या. “ते मी बदलणार आहे.”

पाच पस्तीसला परुळेकरांचा फोन आला. त्यांना रद्द झाल्याची सूचना मिळाली होती.

“फोन केलात त्याला?”

“केला.”

“नियम मोडलात.”

“मोडला. लिहूनही दिलंय. नोंद उघडून बघा, सर. दर चार शब्दांनी खंड आहे, मधोमध. तो पोरीच्या वहीवरून उतरवत होता.”

परुळेकर नोंद उघडत असल्याचे ऐकू आले. त्यांना वाचायला चारेक मिनिटे लागली. “खरंच की,” ते अखेर म्हणाले. मग म्हणाले, “बाई, गेल्या वर्षीचे माझे पाच. त्यांच्या नोंदी अजून असतील का?”

“असतील. पाच वर्षं ठेवतात.”

“बघायला भीती वाटते.”

“वाटणारच. उद्या दोघं मिळून बघू.”

पुढची हकिकत थोडक्यात सांगता येईल. नियमभंगाची चौकशी झाली आणि तीत हर्षदाबाईंना समज देण्यात आली. त्याच बैठकीत पुसलेला मजकूर कोणालाही दाखवू नये, असे बहुमताने ठरले. अंतर्वाचक तयार करणाऱ्यांनी हर्षदाबाईंकडून नोंदीचे विश्लेषण मागवून घेतले. पुढच्या आवृत्तीत उतारा आणि लेखन यांतला फरक यंत्राला कळू लागला, असे ते म्हणतात. तपासल्याशिवाय हर्षदाबाई त्यावर मत देत नाहीत. परुळेकरांच्या पाचांपैकी तीन इशारे खोटे निघाले. तिघांपैकी दोघांना त्यांनी स्वतः गाठले. त्यांतला एक त्यांच्याशी बोलला.

पण हे सगळे नंतरचे. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, अकराच्या सुमारास हर्षदाबाई विद्यार्थ्यांचे अहवाल तपासत बसल्या असताना सोनकांबळेंकडून एक छायाचित्र आले. सोबत एक ओळ होती : ‘रेणुकाला विचारून पाठवतोय. ती म्हणाली, त्या मॅडमना दाखवा, बाकी कोणाला नको.’

रेघी वहीचे पान. ठळक, उभट अक्षरांत तोच परिच्छेद. खाली तांबड्या शाईत शेरा : ‘निरीक्षण उत्तम. व्हरांड्यातला फोन यापुढे हळू घेईन. शेवटची दोन वाक्ये चुकली आहेत. मी दहावीपर्यंत तुमचा वर्ग सोडणार नाही. दहापैकी आठ.’

आणि त्याच्याही खाली, कोपऱ्यात, पेन्सिलीने, पान परत देण्याआधी घाईघाईने लिहिलेला एकच शब्द :

‘बघू.’

हर्षदाबाईंनी तो तीनदा वाचला. पुराव्याशिवाय विश्वास न ठेवणारी एक मुलगी देगलूरजवळच्या शाळेत नववीत शिकते आहे, याचे त्यांना फार बरे वाटले.